अंधाराआधीच्या सेकंदाची साक्ष
वीज उपकेंद्रांतील संरक्षक यंत्रणेच्या घड्याळांचा मेळ का महत्त्वाचा?

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी मध्य प्रदेशातील बिना आणि ग्वाल्हेर यांना जोडणारी ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी बंद पडली आणि पाठोपाठ संपूर्ण उत्तर भारताचे ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, त्याची पुनरावृत्ती अधिक मोठ्या प्रमाणावर झाली. या वेळी उत्तरेबरोबरच पूर्व आणि ईशान्य भारताचाही वीजपुरवठा ठप्प झाला. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. पश्चिम ग्रीड तगून राहिले, त्यामुळे महाराष्ट्र त्यातून बचावला.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली नेमलेल्या चौकशी समितीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहवाल सादर केला. बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर प्रत्यक्षात कोणताही बिघाड झालेला नव्हता. तिच्यावरून वाहणाऱ्या जादा भारालाच संरक्षक रिलेने दूरवरचा बिघाड मानले आणि वाहिनी तोडली, असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष काढायचा तर आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते : सर्वात आधी काय पडले आणि त्यानंतर काय? ग्रीड कोसळण्याचा शेवटचा टप्पा काही सेकंदांत आटोपतो. त्या सेकंदांत शेकडो उपकेंद्रांतील हजारो उपकरणे आपापली नोंद करीत असतात आणि प्रत्येक नोंदीपुढे एक वेळ लिहिलेली असते. ती वेळ सर्वत्र एकाच घड्याळाची नसेल, तर हाती येतो तो नुसता कागदांचा ढीग. कारण कोणते, परिणाम कोणता, याचा पत्ता त्यातून लागत नाही.

रिले म्हणजे काय?

घरातील एमसीबी जे काम करते, तेच काम उच्चदाबाच्या जाळ्यात रिले आणि सर्किट ब्रेकर मिळून करतात. वाहिनीवर वीज कोसळली, झाडाची फांदी टेकली, इन्सुलेटर फुटला, की प्रवाह एकदम वाढतो आणि दाब घसरतो. रिले हे बदल मोजतो, बिघाड आपल्या हद्दीत आहे की नाही ते ठरवतो आणि ब्रेकरला तोडण्याचा आदेश देतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रीड मानकांनुसार ४०० आणि ७६५ किलोव्होल्टच्या जाळ्यातील बिघाड १०० मिलिसेकंदांत, तर २२० आणि १३२ किलोव्होल्टच्या जाळ्यातील बिघाड १६० मिलिसेकंदांत दूर व्हावा लागतो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्याची पापणी लवेपर्यंत ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरील सगळा प्रकार आटोपलेला असतो.

पूर्वीचे रिले यांत्रिक होते. काम केले की त्यांच्यावरील छोटे निशाण पडत असे आणि यंत्रचालक भिंतीवरच्या घड्याळात पाहून लॉगशीटवर वेळ लिहीत असे. आजचा अंकीय रिले हा एक छोटा संगणकच आहे. प्रवाह व दाबाच्या लहरींचा आलेख, आदेश कधी सुटला, ब्रेकर कधी उघडला, हे सारे तो मिलिसेकंदाच्या बारकाईने साठवतो. मात्र त्याच्या आतील घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालते. अशा स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची तफावत असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. आकडा किरकोळ वाटतो. पण त्या हिशेबाने घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंदांनी, तर महिन्याला जवळजवळ एका मिनिटाने पुढेमागे होते. मिलिसेकंदांत लिहिणारा, पण मिनिटाने चुकणारा असा हा साक्षीदार! म्हणूनच त्याला बाहेरून अचूक वेळ सतत पुरवावी लागते.

एकच घटना, दोन वेळा

उदाहरणादाखल ‘अ’ आणि ‘ब’ ही दोन उपकेंद्रे घेऊ. त्यांच्यामधील वाहिनीवर बरोबर दहा वाजता बिघाड झाला. ‘अ’ येथील ब्रेकर ८० मिलिसेकंदांत उघडला. ‘ब’ येथील रिलेने वेळेवर आदेश दिला, पण ब्रेकर अडकला. अशा वेळी पाठीराखी यंत्रणा पुढे येते. तिने दहा वाजून २८० मिलिसेकंदांनी ‘ब’ उपकेंद्रातील शेजारचे ब्रेकर उघडून बिघाड वेगळा काढला. परिणामी त्या उपकेंद्रावरील निरोगी वाहिन्याही बंद पडल्या.

आता ‘ब’चे घड्याळ ४०० मिलिसेकंद मागे आहे असे समजा. त्याच्या नोंदीत शेजारच्या वाहिन्या बंद पडण्याची वेळ दहा वाजण्याच्या १२० मिलिसेकंद आधीची दिसेल. दोन्ही यादी एकत्र ठेवल्या, तर ‘ब’ उपकेंद्र विनाकारण बंद पडले आणि त्या धक्क्याने वाहिनीवर बिघाड झाला, असा उलटा अर्थ निघेल. ज्या पाठीराख्या यंत्रणेने चोख काम केले तिच्यावर ठपका येईल आणि खरा दोषी, म्हणजे अडकलेला ब्रेकर, पुढच्या बिघाडापर्यंत तसाच राहील.

एकच बिघाड असेल, तर अनुभवी अभियंता दोन्हीकडच्या लहरींचे आलेख शेजारी ठेवून त्यांचा आरंभबिंदू जुळवतो आणि घड्याळांतील फरक ओळखतो. परंतु शंभर उपकेंद्रांतून एकापाठोपाठ वाहिन्या पडतात, त्यांतील कित्येकांचा आलेख नसून केवळ घटनांची यादी उपलब्ध असते, तेव्हा ही हातजुळणी काही आठवड्यांचे काम होऊन बसते. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास खंडित झाला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या घटनेतही महानगराला वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक बंद झाल्या होत्या. अशा प्रत्येक चौकशीचा गाभा एकच असतो : क्रम.

अमेरिकेने घेतलेला धडा

याचे सर्वात ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ऑन्टारिओ प्रांत येथील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. सुरुवात ओहायो राज्यात झाली. तेथे भाराने तापून लोंबकळलेल्या वाहिन्या झाडांना टेकल्या. दुपारी ४ वाजून ५ मिनिटे ५७ सेकंदांनी सॅमिस-स्टार ही ३४५ किलोव्होल्टची वाहिनी रिलेने तोडली आणि पुढच्या आठ मिनिटांत जाळे उसवत गेले. तेथेही त्या रिलेने जादा भारालाच दूरचा बिघाड मानले होते. नऊ वर्षांनी बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर नेमके हेच घडले.

दोन्ही देशांच्या संयुक्त कृतिदलाचा अंतिम अहवाल एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो नोंदींचा क्रम लावताना तपासकर्त्यांची दमछाक झाल्याचे त्यात नमूद आहे. काही ठिकाणी नोंद करणाऱ्या संगणकांवर कामाचा ढीग साचून वेळेची नोंद उशिरा झाली होती, तर काही ठिकाणी घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवलेलीच नव्हती. वेळ जुळवलेली नोंदयंत्रे अधिक असती, तर हे काम कितीतरी लवकर व सुकर झाले असते, असा निष्कर्ष काढून कृतिदलाने अशी यंत्रे सक्तीची करण्याची स्वतंत्र शिफारस केली. त्यानंतर तेथील नियमांत नोंदयंत्रांची वेळ जागतिक प्रमाणवेळेपासून दोन मिलिसेकंदांच्या आत असण्याची अट आली.

वेळ येते कोठून?

उपकेंद्राच्या नियंत्रण कक्षाच्या छतावर एक लहानशी, मशरूमच्या आकाराची अँटेना दिसते. ती जीपीएस उपग्रहांचे संकेत घेते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते. स्थान आणि वेळ दोन्ही काढायचे, तर चार उपग्रह दिसावे लागतात; उपकेंद्र मात्र जागचे हलत नसल्याने एकदा स्थान निश्चित झाले की वेळेसाठी एक उपग्रहही पुरतो. अँटेनाखालील ग्राहकयंत्र सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही सूक्ष्म, म्हणजे मायक्रोसेकंदापेक्षा कमी चुकीने वेळ ठरवते. पुढचा प्रश्न ती वेळ प्रत्येक रिलेपर्यंत पोहोचवण्याचा.

त्यासाठी तीन मार्ग रूढ आहेत. पहिला ‘इरिग-बी’ हा संकेत. अमेरिकी लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रांनी आपल्या नोंदी जुळवण्यासाठी १९६० मध्ये तो प्रमाणित केला. तारेवरून दर सेकंदाला शंभर स्पंदांची एक मालिका जाते. स्पंद २, ५ किंवा ८ मिलिसेकंद रुंद असतो आणि त्यावरून अनुक्रमे शून्य, एक किंवा खूण समजते. सेकंद, मिनिट, तास आणि वर्षातील कितवा दिवस, हे सारे त्यात येते. मूळ संकेतात वर्षाचा आकडा नव्हता. तो नंतर आला. त्यामुळे जुन्या उपकरणांत दिवस अचूक, वर्ष मात्र चुकीचे, असा विचित्र प्रकार घडू शकतो.

दुसरा मार्ग ‘एनटीपी’. डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास विकसित केलेली ही पद्धत आज घरच्या संगणकाची वेळही जुळवते. उपकेंद्राच्या अंतर्गत जाळ्यात ती मिलिसेकंदापर्यंतची अचूकता देते. घटनांच्या नोंदीला ती बहुधा पुरते, त्यापुढच्या कामांना नाही. तिसरा आणि नवा मार्ग ‘पीटीपी’चा. यात संदेशाला वाटेत प्रत्येक स्विचमध्ये किती वेळ लागला तेही मोजून वजा केले जाते. वीजक्षेत्रासाठीचे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक २०१६ मध्ये आले. त्यात अनेक टप्पे ओलांडूनही चूक एका मायक्रोसेकंदाच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट आहे. स्वतंत्र तारा न टाकता, माहितीच्याच केबलमधून वेळही पोहोचते, हा त्याचा फायदा.

कोणत्या कामाला किती अचूकता?
- नियंत्रण कक्षातील लॉगशीट व भाराच्या नोंदी : १ सेकंद
- रिले आणि ब्रेकरच्या घटनांचा क्रम : १ मिलिसेकंद
- अंकीय नमुन्यांवर चालणारे संरक्षण : १ ते ४ मायक्रोसेकंद
- फेज कोनाचे मापन : सुमारे १ मायक्रोसेकंद
- लहरींवरून बिघाडाचे ठिकाण शोधणे : १ मायक्रोसेकंद किंवा त्याहून कमी

साक्षीदार आता निर्णयात सहभागी

आतापर्यंतची चर्चा घटना घडून गेल्यानंतरची होती. घड्याळ चुकले तर चौकशी अवघड होई, वीज जात नसे. ही स्थिती आता बदलत आहे.

भारतात वीज ५० हर्ट्झने वाहते. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे आणि एक मिलिसेकंद म्हणजे लहरीतील १८ अंश. दोन दूरच्या ठिकाणच्या लहरींतील कोन मोजला की त्यांच्यामधील जाळ्यावर किती ताण आहे ते कळते. अट एकच, दोन्हीकडे मोजणीचा क्षण एकच हवा. जीपीएसच्या साह्याने हे साधणारे ‘फेजर मापन एकक’ अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेत १९८८ मध्ये साकारले. ते घडवणाऱ्या संशोधकांचे नेतृत्व आयआयटी खरगपूरचे माजी विद्यार्थी अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्याकडे होते. २००८ मध्ये या दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदकाने गौरवण्यात आले. मराठी वाचकाला ओळखीच्या आडनावाचा हा शास्त्रज्ञ आज जगभरच्या भार प्रेषण केंद्रांत अप्रत्यक्षपणे हजर असतो.

२०१२ मध्ये भारतात अशी एकके मोजकीच होती. तरी त्या दोन दिवसांच्या विश्लेषणात त्यांच्या नोंदी मोलाच्या ठरल्या. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण ग्रीड उर्वरित देशाशी एकाच वारंवारतेने जोडले गेले. तेव्हापासून एका टोकाचा हेलकावा दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. त्यावर नजर ठेवण्यासाठी देशभर हजाराहून अधिक एकके बसवण्याची योजना पुढे राबवण्यात आली.

वाहिनीच्या दोन टोकांवरील प्रवाहांची तुलना करणारे ‘डिफरन्शियल’ संरक्षण याहून नाजूक आहे. आत गेलेला प्रवाह तेवढाच बाहेर आला, तर वाहिनी निरोगी. फरक पडला, तर बिघाड. ही तुलना एकाच क्षणाची असावी लागते. अनेक रिले परस्परांना संदेश पाठवून, जाण्यायेण्याच्या एकूण वेळेची निमपट करून क्षण जुळवतात. संदेशाचा जाण्याचा मार्ग आणि येण्याचा मार्ग वेगळा असला आणि त्यांत एका मिलिसेकंदाचा फरक पडला, तर हिशेब अर्ध्या मिलिसेकंदाने, म्हणजे ९ अंशांनी चुकतो. प्रत्यक्षात नसलेला फरक रिलेला दिसू लागतो. भार जास्त असेल, तर निरोगी वाहिनी तोडली जाण्याचा धोका संभवतो. दोन्ही टोकांना जीपीएसची वेळ दिली, तर ही अडचण टळते. मात्र मग संरक्षणच जीपीएसवर विसंबून राहते.

‘आयईसी ६१८५०’ या मानकावर आधारित नव्या अंकीय उपकेंद्रांत तर तांब्याच्या तारांऐवजी प्रवाह व दाबाचे आकडे ऑप्टिकल फायबरवरून रिलेकडे जातात. दर आवर्तनाला ८० नमुने, म्हणजे सेकंदाला चार हजार. वेगवेगळ्या यंत्रांकडून आलेले नमुने जुळवायचे, तर त्या यंत्रांची घड्याळे मायक्रोसेकंदापर्यंत एकमताने चालली पाहिजेत. ती भरकटली, तर चांगले संरक्षण आपल्या नमुन्यांवर विश्वास न ठेवता स्वतःला रोखून धरते. अशा वेळी वाहिनी चुकून तुटत नाही हे खरे, पण तेवढ्या काळापुरती ती त्या संरक्षणाविना उभी असते.

याच अचूकतेचा एक सरळ लाभही आहे. बिघाड झाला की त्या ठिकाणाहून दोन्ही दिशांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, मायक्रोसेकंदाला सुमारे ३०० मीटर, लहरी धावतात. दोन्ही टोकांना त्या पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून बिघाडाची जागा काढता येते. एका मायक्रोसेकंदाच्या चुकीने जागा सुमारे १५० मीटरने चुकते, म्हणजे शोध एकदोन मनोऱ्यांपुरता उरतो. भर पावसात सह्याद्रीच्या घाटातील मनोऱ्यांवर बिघाड शोधणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी याचा अर्थ काही तासांची पायपीट वाचणे असा होतो.

वेळही चुकते

अचूक घड्याळ बसवले म्हणजे काम संपले असे नाही. सर्वात नेहमीची चूक मानवी आहे. एका उपकरणात जागतिक प्रमाणवेळ आणि शेजारच्या उपकरणात भारतीय प्रमाणवेळ ठेवली गेली, तर नोंदींत साडेपाच तासांचे अंतर पडते. हे निदान लगेच लक्षात येते. जीपीएसची स्वतःची वेळ लीप सेकंद धरत नाही आणि जानेवारी २०१७ पासून ती जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. ही दुरुस्ती राहून गेली, तर चूक सहज दिसत नाही. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ अखेर जोडला गेला. भारतात तो १ जानेवारीच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आला.

जीपीएसमध्ये आठवड्यांची मोजणी १०२४ नंतर पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी असे झाले, तेव्हा जुनी ग्राहकयंत्रे जवळपास वीस वर्षे मागे जाण्याचा धोका होता. २६ जानेवारी २०१६ रोजी एक उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या गफलतीमुळे काही उपग्रह वेळेच्या दुरुस्तीचा चुकीचा आकडा प्रसारित करू लागले आणि १३.७ मायक्रोसेकंदांची चूक जगभर पसरली. ५० हर्ट्झच्या जाळ्यात ती पाव अंशाएवढी भरते. यातून बिघाड उद्भवला नसता, तरी एकाच स्रोतावर विसंबण्यातील धोका त्यातून दिसला. जीपीएसचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण होतो. तो दाबून टाकता येतो आणि खोटा संकेत पाठवून फेजर मापन एककाला फसवता येते, हे टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले.

वेळ कोणाची?

भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक वर्षे रेंगाळली होती. एका शहरात दोन वेळा नांदू शकत होत्या. एका ग्रीडमध्ये ते परवडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने भारतीय प्रमाणवेळेचा वापर बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. ही वेळ देशभर पोहोचवण्यासाठी अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रयोगशाळांना अणुघड्याळांनी सज्ज करण्याची योजनाही आखण्यात आली. स्वदेशी ‘नाविक’ प्रणालीच्या २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात भारतीय बनावटीचे रुबिडियम अणुघड्याळ प्रथमच बसवले गेले. मात्र जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. त्यामुळे जीपीएसला पूर्ण पर्याय म्हणून ‘नाविक’कडे पाहण्यापेक्षा दोन्हींचे संकेत घेणारे ग्राहकयंत्र बसवणे अधिक व्यवहार्य ठरते.

उपकेंद्राच्या पातळीवरची पथ्ये मात्र साधी आहेत. उपग्रहांचा संकेत तुटला तरी काही काळ स्वबळावर वेळ धरून ठेवणारे, चांगल्या स्फटिकाचे किंवा रुबिडियमचे मुख्य घड्याळ असावे. रिलेने वेळेबरोबरच ‘ही वेळ खात्रीची आहे किंवा नाही’ हेही नोंदवावे. घड्याळाचा संपर्क तुटल्याची सूचना नियंत्रण कक्षात वाजावी आणि ती इतर बिनमहत्त्वाच्या सूचनांच्या गर्दीत दडपली जाऊ नये. छतावरची अँटेना, तिच्या जोडातून केबलमध्ये झिरपणारे पावसाचे पाणी आणि वीज कोसळण्यापासूनचे संरक्षण यांची पाहणी दर पावसाळ्याआधी व्हावी.

यातील कोणत्याही गोष्टीला ट्रान्स्फॉर्मर किंवा ब्रेकरच्या तुलनेत फारसा खर्च येत नाही. तरीही देखभालीच्या यादीत घड्याळ शेवटी येते, कारण ते बंद पडले तरी दिवे चालूच राहतात. त्याची आठवण येते ती दिवे गेल्यावर, चौकशी समिती नोंदी मागते तेव्हा. आणि तोपर्यंत, ज्या सेकंदाची साक्ष हवी असते, तो सेकंद निघून गेलेला असतो.